श्री शाहू छत्रपति आणि त्यांचा कुस्तीचा नाद

कुस्तीचा नाद बहुधा लहानपणीं लागतो आणि मिसरूड फुटतांना सुटतो. जत्रेच्या दंगलीस बापाच्या खांद्यावर बसून गेलेला मुलगा पुढें शाळेंत येतो, मग परीक्षा, नोकरी व प्रपंच यांच्या मागें लागतो, आणि दूर कोठें हलगी वाजली म्हणजे क्षणभर कान टवकारण्यापलीकडे त्याच्या हातून कांहीं होत नाहीं. प्रौढ गृहस्थास पैलवानांचीं नांवें मुखोद्गत असणें, अमक्या जोडीची कुस्ती पाहण्यासाठीं त्यानें दहा कोस जाणें, हें सुशिक्षित मंडळींत पोरकटपणाचें लक्षण मानलें जातें. अमरावती-अकोल्याकडेहि ही समजूत कांहीं कमी नाहीं. ज्याचा हा नाद वयाबरोबर वाढत गेला, आणि ज्यास त्याची कधीं लाज वाटली नाहीं, अशा एका राजाचें चरित्र वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

कोल्हापूरचे श्री शाहू छत्रपति यांचा जन्म २६ जून १८७४ रोजीं कागलच्या घाटगे घराण्यांत झाला. त्यांचें मूळचें नांव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. मातृसुख त्यांस फार थोडे दिवस लाभलें. कोल्हापूरचे चवथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरांत अहमदनगरच्या किल्ल्यांत मरण पावले. त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेब यांनीं १७ मार्च १८८४ रोजीं या मुलास दत्तक घेतलें. त्या वेळीं तो पुरा दहा वर्षांचाहि नव्हता. दोन वर्षांनीं वडीलहि गेले. पुढें राजकोटच्या राजकुमार कॉलेजांत, व त्यानंतर धारवाड येथें फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखालीं त्यांचें शिक्षण झालें. १८९१ सालीं बडोद्याच्या खानविलकर घराण्यांतील लक्ष्मीबाई यांच्याशीं विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजीं राज्याचा कारभार हातीं आला. तेव्हां त्यांस विसावें वर्ष चालू होतें.

शरीर मूळचेंच धिप्पाड, आणि व्यायामाची आवड लहानपणापासूनची. ऐन तारुण्यांत ते स्वतः लंगोट लावून मातींत उतरत. परंतु गादीवर बसलेला राजा कायमचा मल्ल राहूं शकत नाहीं. पुढें पुढें देह स्थूल होत गेला, मधुमेहानें गांठलें, आणि मातींत उतरणाऱ्याला कांठावर बसावें लागलें. आमच्या मतें खरा शौकीन येथेंच ओळखूं येतो. स्वतःचें बळ आहे तोंवर कुस्ती कोणासहि आवडेल. तें ओसरल्यावर दुसऱ्याच्या बळाचें कौतुक करण्यास मन मोठें लागतें.

कुस्ती पाहणें हीहि एक विद्या आहे. आमच्या वऱ्हाडांत जिला दंगल म्हणतात तिला कोल्हापुराकडे कुस्त्यांचा फड किंवा मैदान म्हणतात. नांव कोणतेंहि असो, नवखा प्रेक्षक फक्त शेवट पाहतो. कोण पाठीवर पडला एवढेंच त्यास कळतें. जाणता प्रेक्षक सलामी झाल्यापासून पायांकडे पाहतो. एकानें एकेरी पट काढण्यासाठीं खांदा केव्हां टाकला, दुसऱ्यानें तो ओळखून कंबर मागें केव्हां घेतली, ढाक लावण्यापूर्वीं मानेवरची पकड किती वेळ तोलून धरली, खालीं आलेल्या मल्लानें घिस्सा चुकवून कूस कशी बदलली, हें सर्व त्याच्या डोळ्यांत असतें. देशी कुस्तीस त्या काळीं घड्याळ नव्हतें, गुण नव्हते. पाठ मातीस लागली म्हणजे कुस्ती झाली, न लागली तर दोघेहि घामानें न्हाऊन तासन्‌तास झुंजत राहात आणि अखेर पंचांस ती बरोबरींत सोडवावी लागे. अशा लांबलेल्या कुस्तींत नवखा प्रेक्षक कंटाळतो आणि शौकिनाची समाधि लागते. नुरा कुस्ती, म्हणजे आधीं ठरवून खेळलेली लटकी झुंज, त्याच्यापासून फार वेळ लपून राहात नाहीं.

महाराजांनीं या शौकास राज्याचें बळ दिलें. कोल्हापुरांतील पेठापेठांच्या तालमींस आश्रय मिळाला. मोतीबाग, गंगावेस हीं नांवें पुढें सगळ्या महाराष्ट्रांत गाजलीं. पंजाबांतून मल्ल व वस्ताद आणवून त्यांस पदरीं ठेवलें, आणि त्यांच्या संगतींत इकडचीं पोरें नवे डाव शिकलीं. पैलवान घडविणें हें खर्चाचें काम आहे. जोर, बैठका व गदा यांस पैसा लागत नाहीं, पण पहांटेपासून अंग मोडून घेणाऱ्या तरुणास दूध, तूप, बदाम व थंडाई मिळाली नाहीं तर तोच व्यायाम त्याचें शरीर खातो. शेतकऱ्याच्या घरीं हें कोठून येणार? दरबारच्या खुराकावर अशीं कितीएक पोरें वाढलीं.

१९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त महाराज इंग्लंडास गेले. केंब्रिज विद्यापीठानें त्यांस सन्मानाची एल्‌एल्‌. डी. पदवी दिली. युरोपांतील इतर देश पाहतांना ते रोमलाहि गेले, आणि तेथील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागृहाचे अवशेष पाहून त्यांच्या मनानें घेतलें कीं असें कांहीं कोल्हापुरांत झालें पाहिजे. रोमच्या त्या वर्तुळांत माणसें माणसांस व श्वापदांस मारीत आणि लोक टाळ्या पिटीत. महाराजांनीं तेथून आकृति उचलली, रक्त तेथेंच सोडलें. (हत्तींच्या साठमारीचा शौक मात्र त्यांस होता, आणि तो खेळ कांहीं सौम्य नव्हे, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.)

या कल्पनेंतून निघालेलें खासबाग मैदान १९१२ सालीं पुरें झालें. त्याची रचना साधी, पण शौकिनाच्या डोळ्यानें केलेली आहे. मध्यभागीं उंचावलेला मातीचा हौदा. त्याच्या भोंवतीं मोकळी जागा. आणि तिच्या बाहेर चहूंकडून चढत गेलेली बैठक. पुढच्याचें मुंडासें मागच्याच्या नजरेआड येत नाहीं. जत्रेंतील दंगल ज्यांनीं पाहिली आहे त्यांस या सोयीची किंमत सांगावयास नको. तेथें अर्धे लोक कुस्ती पाहतात आणि अर्धे लोक पुढच्यांच्या पाठी. सुमारे ३०,००० माणसें येथें एका वेळीं बसूं शकतात असें म्हणतात. हौद्याची तांबडी माती चाळून घेऊन तींत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस व कापूर घालून ती मऊ ठेवितात, म्हणजे पडणाऱ्यास इजा होत नाहीं व अंगावरच्या खरचटण्यास तीच औषध होते.

मैदानाच्या आरंभींच इमामबक्ष व गुलाम मोहिद्दीन या दोन नामांकित मल्लांची जोड लागली आणि इमामबक्ष विजयी झाला. हा इमामबक्ष म्हणजे सुप्रसिद्ध गामा पैलवानाचा भाऊ. १९१० सालीं हे दोघे बंधु लंडनास गेले होते. तेथें इमामबक्षानें स्वित्झर्लंडचा जॉन लेम यास पाडलें होतें. लंडनच्या नाटकगृहांत तिकिटें काढून लोकांनीं ज्यास पाहिलें, तोच मल्ल दोन वर्षांनीं पंचगंगेकांठच्या शेतकऱ्यांस आपल्या गांवीं पाहावयास मिळाला. मैदानास लागूनच महाराजांनीं पॅलेस थिएटर बांधविलें. तें १९१५ सालीं उघडलें व पुढें त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव मिळालें. एका भिंतीच्या अलीकडे गाणें व पलीकडे कुस्ती! अल्लादियाखांसाहेबांसारख्या गवयास आणि पंजाबच्या पैलवानास एकाच दरबारीं मान मिळत होता, आणि दोन्ही ठिकाणीं दाद देणारा राजा एकच होता.

हा सर्व खर्च प्रजेच्या पैशांतूनच ना, असा प्रश्न कोणीहि विचारील, आणि तो विचारण्यासारखा आहे. महाराजांच्या कारकीर्दींत दुष्काळ पडले, प्लेगनें गांवें ओस पडलीं. अशा काळीं पैलवानांस बदाम चारणें कितपत शोभतें? केवळ शौक म्हणून पाहिलें तर या प्रश्नास पुरतें उत्तर देतां येत नाहीं. हिंदुस्थानांत शौकीन राजे थोडे का झाले? पण शौकीन राजांच्या दरबारीं सहसा न आढळणारें कांहीं कोल्हापुरांत घडलें. तें एकदां पाहावें आणि मग हिशेब मांडावा.

२६ जुलै १९०२ रोजीं, म्हणजे परदेशीं असतांनाच, महाराजांच्या हुकुमानें मागासलेल्या वर्गांसाठीं सरकारी नोकरींतील निदान निम्म्या जागा राखून ठेवण्यांत आल्या. राधानगरीच्या धरणाचें काम सुरू झालें, निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें निघालीं, १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा निर्णय झाला. १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांचीं मुलें सर्वांच्या शाळेंत बसवावीं असें ठरलें. या गोष्टी सर्वांस ठाऊक आहेत. पण महाराजांनीं महार, मांग, चांभार समाजांतील मल्लांसहि जवळ केलें, त्यांस उत्तेजन दिलें, मानाचीं नवीं नांवें दिलीं, हें तितकेंसें सांगितलें जात नाहीं.

याचें मर्म समजण्यास कुस्तीचें स्वरूपच लक्षांत घ्यावें. धांवण्याच्या शर्यतींत दोघे अंतर राखून धांवूं शकतात. पट्ट्याच्या खेळांत मध्यें शस्त्र असतें. कुस्तींत मात्र स्पर्शावांचून एक पाऊलहि पुढें जातां येत नाहीं. छातीस छाती भिडते, एकाचा घाम दुसऱ्याच्या अंगावर येतो, एकच माती दोघांच्या पाठीस लागते. सावलीचा विटाळ मानणाऱ्या समाजांत हौद्यांत उतरलेल्या अस्पृश्य तरुणाशीं हात मिळविणें म्हणजे काय, याची कल्पना आज वाचून येणें कठीण आहे. आणि त्यानें समोरच्यास उघड्यावर, हजारोंच्या देखत चीत केलें तर त्याच्या विजयावर कोणता शास्त्राधार दाखवावयाचा? चीत ती चीत.

एवढ्यानें अस्पृश्यता गेली असें मानणें भोळेपणाचें होईल. तासाभरापूर्वीं ज्याच्या कमरेस मिठी घातली त्यासच विहिरीवर अडविणारे लोक होतेच. म्हणून तर महाराजांस हुकुमामागून हुकूम काढावे लागले, गंगाराम कांबळे यांच्या दुकानीं जाऊन सर्वांच्या देखत चहा प्यावा लागला, आणि मार्च १९२० मध्यें माणगांवच्या परिषदेंत तरुण डॉक्टर आंबेडकरांच्या पाठीशीं उभें राहावें लागलें. परंतु हुकूम काढणाऱ्या हातास मातींतील स्पर्शाची ओळख आधींपासून होती, हें विसरतां येत नाहीं.

महाराज आमच्या बाजूसहि येऊन गेले. डिसेंबर १९१७ मध्यें खामगांव येथें भरलेल्या मराठा शिक्षण परिषदेचे ते अध्यक्ष होते, आणि मे १९२० च्या अखेरीस नागपूरच्या बहिष्कृत परिषदेचेंहि अध्यक्षस्थान त्यांनीं स्वीकारलें. कुस्तीचा एवढा नादी राजा वऱ्हाडांत आला तो पाटीपुस्तकाचा पुरस्कार करण्यासाठीं. त्यांच्या मनांत तालीम आणि शाळा यांचें वैर नव्हतें. वैर आहे असें मानणारे पालक आमच्यांत अजून पुष्कळ आहेत, असो.

खासबाग मैदानानंतर दोनच वर्षांनीं, १९१४ सालीं, अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनीं पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेचा पाया घातला. या दोन गोष्टींचें नातें जुळविण्याचा आमचा हेतु नाहीं. उलट त्यांतील भेदच पाहण्याजोगा आहे. कोल्हापुरास राजाचा खजिना होता. अमरावतीस राजा नव्हता, होता तो लोकांचा उत्साह आणि वर्गणी. तरीहि १९३६ सालीं याच मंडळाच्या पथकानें बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं आपले देशी खेळ करून दाखविले. राजाश्रय मोठा खरा, पण तो राजाबरोबर संपण्याचें भय असतें.

महाराजांच्या शेवटच्या वर्षांवर दुःखाची छाया पडली. मर्दानी खेळांचें प्रेम त्यांनीं मुलांसहि दिलें होतें. जून १९१८ मध्यें धाकटे चिरंजीव शिवाजी, अवघे १९ वर्षांचे, डुकराच्या शिकारींत घोड्यावरून पडून मरण पावले. ज्या साहसाचें बापास कौतुक, त्यानेंच मुलगा नेला. या घावानंतर महाराजांची प्रकृति कधीं पहिल्यासारखी झाली नाहीं. तरी मल्लांचा आश्रय तुटला नाहीं आणि राज्याचें कामहि थांबलें नाहीं; माणगांव व नागपूर हीं दोन्ही या घावानंतरचींच. ६ मे १९२२ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला. वय अवघें ४७.

त्यांच्यामागें राजाराम महाराज गादीवर आले. पुढें संस्थानहि गेलें. १९५२ सालीं हेलसिंकी येथें ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, पण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. १९५९ सालीं पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे यांची तालीमहि कोल्हापुरांतच झाली. ऑगस्ट २०२४ मध्यें खासबागेस लागून असलेल्या नाट्यगृहास आग लागून त्याची फार मोठी हानि झाली. त्याच्या पलीकडे महाराजांनीं आखून घेतलेलें तें मातीचें वर्तुळ आहे, आणि जोड लागली म्हणजे भोंवतालच्या चढणीवर पांढऱ्या केसांचे लोक पोरांच्या आधीं येऊन जागा धरून बसतात.