न खपलेल्या नांगरांचा हिशेब

मालवण तालुक्यात, ओरोसच्या बाजूला, किर्लोस नावाचे एक लहानसे गाव आहे. जांभ्या दगडाचे गडगे, माडांच्या आडोशाला घरे, पावसाळ्यात हिरवीगार भातखाचरे. आज तिथे सिंधुदुर्ग जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे, एवढीच त्याची सरकारदरबारी ओळख. पण या गावाचे नाव महाराष्ट्रातल्या लाखो शेतकऱ्यांनी रोज वाचले आहे. विहिरीच्या काठावर बसवलेल्या पंपावर ते ओतीव अक्षरांत असते. किर्लोस्कर कुळाचे मूळ गाव किर्लोस मानले जाते. केव्हातरी या घराण्यातली माणसे पोटापाण्यासाठी घाट चढून देशावर गेली आणि बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला स्थिरावली. मराठी संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर तिथलेच. आणि ज्यांची ही गोष्ट आहे ते लक्ष्मणराव किर्लोस्करही तिथलेच.

लक्ष्मणरावांचे चरित्र आपल्याकडे बहुतेक शाळेच्या पुस्तकातल्या धड्यासारखे सांगितले जाते. चिकाटी, स्वदेशी, माळरानावर उभे राहिलेले नंदनवन. ते सारे खरेच आहे. आज मात्र ते थोड्या वेगळ्या, घरगुती कारणासाठी पुन्हा उलगडावेसे वाटते.

आमच्या किनाऱ्यावरच्या घरांत पैसा मुंबईहून मनीऑर्डरीने यायचा. चाकरमानी निवृत्त झाला की प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम हाती येई आणि तिचे काय करायचे यावर घरात खलबते चालत. १९९४-९५ च्या सुमारास, रोज नव्या भागविक्रीच्या जाहिराती येत होत्या त्या दिवसांत, माझ्या एका काकांनी त्या रकमेतला मोठा वाटा एका छोट्या इंजिनिअरिंग कंपनीच्या शेअर्समध्ये घातला. माहितीपत्रकात कारखान्याचे सुरेख रंगीत चित्र होते. कारखाना चित्रातच राहिला. सर्टिफिकेटे अजून ट्रंकेत आहेत. काका हिशेबाला पक्के होते. बाजारात मासळी घेतानासुद्धा कल्ले उचलून बघत. इथे मात्र काय उचलून बघायचे हे त्यांना ठाऊक नव्हते.

ते काय बघायचे हे लक्ष्मणरावांच्या आयुष्यात जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच कुठे दिसेल.

सायकलीचे दुकान

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. पोराचे लक्ष मात्र पाठांतरात नव्हते. चित्रकलेच्या ओढीने ते थोरले बंधू रामुअण्णा यांच्या पाठबळावर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे एक विचित्र गोष्ट लक्षात आली. त्यांना काही रंग ओळखता येत नव्हते. चित्रकाराचा मार्ग तिथेच खुंटला. त्यांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यांत्रिक रेखाटन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथल्या कार्यशाळेत यंत्रे उघडून, जोडून, पुन्हा उघडून त्यांनी जे ज्ञान मिळवले, त्याला कुठली पदवी नव्हती. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला ती देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

रामुअण्णांबरोबर त्यांचा सायकलींचा व्यवसाय होता. उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो, ती या व्यवसायापासून. त्या काळी सायकल ही साहेबाची आणि सरदाराची चैन होती. लक्ष्मणराव सायकली विकत, दुरुस्त करत आणि १५ रुपये घेऊन चालवायलाही शिकवत.

थोडे थांबून आजच्या एका प्रसंगाकडे बघू. लहान कंपन्यांसाठी शेअर बाजारांनी २०१२ मध्ये वेगळे दालन उघडले. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या एका दुचाकी-विक्रेत्या कंपनीने तिथे सुमारे १२ कोटी रुपयांची भागविक्री काढली. कंपनीची दुकाने दोन, नोकर आठ. तिच्या शेअर्ससाठी साडेचार हजार कोटींहून अधिक रुपयांचे अर्ज आले. अर्ज करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या दुकानाची पायरी चढली असेल?

बेळगावच्या सायकल दुकानात मात्र कोणी पैसे घेऊन रांग लावली नव्हती. तिथे बघण्यासारखे होते ते गल्ल्यावर नव्हते. मागच्या खोलीत मालक स्वतः हात काळे करून यंत्राचे पोट उघडून बघत बसलेला असे. छोट्या कारखान्याच्या पारखीची पहिली पायरी हीच: मालकाला आपला माल आतून कळतो का? की तो फक्त विकतो?

माल पडून राहिला तेव्हा

दुकानाच्या जोडीला लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. मग ते नांगराकडे वळले. लाकडी नांगर जमीन वरवर खरवडतो. इंग्लंड-अमेरिकेतला लोखंडी नांगर खोल जातो, माती उलटी करतो. आपल्या बैलांना ओढवेल आणि आपल्या शेतकऱ्याला परवडेल असा नांगर १९०३ मध्ये त्यांनी घडवला.

तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, ती विषारी होते, अशी समजूत होती. नांगर गोदामात उभे राहिले. ते खपायला सुरुवात व्हायला दोन वर्षे लागली.

ही दोन वर्षे नीट पाहिली पाहिजेत. कारण माल पडून राहणे हे प्रत्येक लहान कारखान्याच्या वाट्याला येते आणि माणसाची परीक्षा तिथेच होते. अशा वेळी एक उपाय असा असतो की माल कोणाच्या तरी गळ्यात उधारीवर घालायचा आणि वहीत विक्री झाली असे लिहायचे. वही छान दिसते. पेटीत पैसा नसतो. लक्ष्मणराव माल घेऊन शेतकऱ्याकडे गेले. प्रदर्शनात, बांधावर नांगर चालवून दाखवला, तक्रारी ऐकल्या, फाळात आणि जोडणीत फेरबदल केले. ज्यांनी नेला त्यांचे पीक हीच जाहिरात झाली.

आजचा गुंतवणूकदार ताळेबंदात हेच शोधू शकतो. विक्री वाढते आहे, पण येणी तिच्याहून वेगाने वाढत आहेत का? गोदामातला माल दर वर्षी फुगतो आहे का? नफा कागदावर आहे आणि रोकड मात्र येत नाही, असे तीन-चार वर्षे ओळीने दिसले, तर माशाचे कल्ले काळे पडले आहेत असे समजावे.

माळरान आणि दहा हजार रुपये

नांगर चालू लागला, तोच बेळगावच्या नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडायला लावली. वय चाळीस, यंत्रे रस्त्यावर. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांना ओळखत होते. देवळाच्या सभामंडपाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपवले होते आणि ते काम डोळ्यांनी पाहिले होते. राजेसाहेबांनी संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितली आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले.

लक्ष्मणरावांनी निवडले ते कुंडल रोड स्टेशनजवळचे ३२ एकरांचे निवडुंगाने भरलेले माळरान. बघणाऱ्यांना तो वेडेपणा वाटला. पण त्या माळाला लागून रेल्वे होती. लोखंड आणि कोळसा येण्याची आणि नांगर जाण्याची वाट दाराशीच होती. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची मुहूर्तमेढ रोवली गेली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे आणि स्टेशनही तिच्याच नावाने ओळखले जाते.

बरोबर आलेली माणसे पंचवीसेक कुटुंबांची. त्यांच्यातल्या प्रमुखांकडेही मोठ्या पदव्या नव्हत्या. मंगेशराव रेग्यांनी हिशेब सांभाळला, शंभूराव जांभेकरांनी यंत्रे, शाळा अर्धवट सोडलेल्या अनंतराव फळणीकरांनी बांधकाम, आणि के. के. कुलकर्ण्यांनी वसाहतीची व्यवस्था. राखणीला शिक्षा झालेले दरोडेखोर नेमले आणि त्यांनी ती राखण इमानाने केली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता. राधाबाई किर्लोस्करांनी सुरुवातीच्या हालअपेष्टांत हा सारा संसार सावरला.

राजेसाहेबांनी हे पैसे का दिले? दानधर्म म्हणून नव्हे, आणि भरमसाट व्याजाच्या आशेनेही नव्हे. त्यांनी माणसाचे आधीचे काम पाहिले होते. लहान कंपनीत पैसा घालताना आपणही शेवटी माणसालाच पैसा देत असतो. म्हणून तिच्या प्रवर्तकांनी आधी काय केले, कोणाचे पैसे बुडवले का, आपल्याच नातेवाइकांच्या फर्मशी व्यवहार करून नफा बाजूला काढला का, स्वतःचे शेअर्स गहाण टाकले आहेत का, हे विचारण्यात संकोच नसावा. वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांवर, बारीक अक्षरात, यांतली काही उत्तरे छापलेली असतात. हिशेबतपासनीस मुदतीआधीच सोडून गेला असेल, तर तेही तिथेच कळते.

वाईट वर्षे

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी लोखंड मिळेनासे झाले. नांगराला मागणी आणि भट्टीला लोखंड नाही! कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा मोडीत दिल्या. तोफांचे नांगर झाले. त्या काळात कारखान्याने उसाचे चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रेही केली. एकाच मालावर पोट ठेवायचे नाही, पण शेतकऱ्याच्या अंगणाबाहेरही फार भटकायचे नाही, असा तो बेत होता.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. घरातल्या पैशाबरोबर आता लोकांचा पैसा आला आणि छापील ताळेबंदाची जबाबदारीही. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. कारखान्याची बातमी सांगता सांगता ते मराठी घराघरांतले मासिक होऊन बसले आणि त्याच घरातून पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ निघाली.

कंपनी झाली म्हणून दिवस बदलले नाहीत. युद्धानंतरची मंदी आली. अमेरिकेतून शिकून चिरंजीव शंतनुराव १९२६ मध्ये परतले. त्याच सुमारास पंपांचे काम सुरू झाले. किनाऱ्यावरच्या माड-पोफळीच्या बागांत रहाटाची कुरकुर थांबवणारे पंप पुढे याच परंपरेतून आले. १९३० च्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि शेतकरी नांगर घेईना, तेव्हा वाडीत लोखंडी खुर्च्या-टेबले बनू लागली. यंत्रे तीच, कारागीर तेच, माल वेगळा.

म्हणून कोणत्याही छोट्या कारखान्याचा अहवाल वाचायचा तर सर्वांत चांगल्या वर्षाचा वाचू नये. तेजीत सगळ्यांच्याच वह्या सुंदर दिसतात. मंदीचे वर्ष उघडावे. त्या वर्षी कर्ज किती होते, त्याचे व्याज नफ्यातून निघाले का, एकच मोठे गिऱ्हाईक गेल्याने भट्टी विझली का, मालकाने भागधारकांना खरे सांगितले की चित्र रंगवले, हे बघावे.

नावाला भुलू नये

१९४१ मध्ये, सत्तरी ओलांडलेली असताना, लक्ष्मणराव म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला गेले आणि यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे लेथचा, कारखाना उभारण्यात गुंतले. १९४६ मध्ये पुण्यात तेलावरच्या इंजिनांचा आणि बंगळुरात विजेच्या मोटारींचा, अशा दोन नव्या कंपन्या घराण्याने काढल्या. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. तो पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

चरित्र इथे संपते. गुंतवणूकदाराचा धडा अजून थोडा बाकी आहे. वाडीतली पंपांची कंपनी शंभरी ओलांडून आजही चालू आहे. हरिहरचा कारखाना मात्र या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. त्यामागेही तेच नाव, तोच संस्थापक. उदारीकरणानंतर परदेशी यंत्रांची स्पर्धा आली आणि तो टिकला नाही. ज्याने केवळ आडनाव पाहून शेअर्स घेतले आणि ट्रंकेत टाकले, त्याच्या हाती कागद उरले. तेव्हा थोर माणसाचा उद्योगही दर वर्षी नव्याने तपासावाच लागतो.

आता परिस्थिती काकांच्या काळापेक्षा पुष्कळ बदलली आहे. सर्टिफिकेटांची जागा डिमॅट खात्याने घेतली. लहान कंपन्यांचे रंगवलेले चित्र पाहून भुलू नका, असा इशारा सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला आणि पुढे या भागविक्रीचे नियमही कडक केले. तरी एक गोष्ट नियमाने होत नाही. अशा शेअर्सना रोज गिऱ्हाईक नसते. घेणे सोपे, विकणे कठीण. मुलीच्या लग्नाचा, आजारपणाचा, घराच्या कौलांचा पैसा तिथे घालू नये. दोन न खपलेली वर्षे सोसता येतील, एवढाच घालावा.

राजेसाहेबांनी आधी मंडपाचे काम पाहिले, मग दहा हजार दिले. काका एरवी कल्ले उचलून बघत. एकदाच बघितले नाहीत. गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा ती ट्रंक उघडली. सर्टिफिकेटांच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या. मागच्या विहिरीवर पंप चालू होता, आणि बागेच्या पाटातून पाणी माडांच्या आळ्यांकडे निघाले होते.