सरखेल कान्होजी आंग्रे

मावळातील लोणावळे आज थंड हवेचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या पूर्वेस लोहगड, उत्तरेस राजमाची, आणि पश्चिमेस घाट उतरला की कोकणची भूमी लागते. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी याच घाटमाथ्यावर मराठे मराठ्यांशीच लढणार, असा प्रसंग ओढवला होता. एका बाजूस शाहू महाराजांचे नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ होते, तर दुसऱ्या बाजूस पश्चिम समुद्राचे धनी कान्होजी आंग्रे.

कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीस होते. त्यामुळे लाटा, वारा आणि भरती-ओहोटी यांची ओळख कान्होजींस बालपणीच झाली. औरंगजेबाच्या स्वारीत घाटावरील एकेक किल्ला शत्रूच्या हाती पडत होता. तशा त्या बिकट काळात या तरुणाने किनारा राखला. १६९८ च्या सुमारास ते सरखेल, म्हणजे आरमाराचे मुख्य अधिकारी झाले.

सुवर्णदुर्ग व खांदेरी ही तर भर समुद्रातील बेटे. अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीच्या वेळी बेट होतो आणि ओहोटीस तेथे चालत जाता येते. अशा जलदुर्गांच्या बळावर कान्होजींनी एक लहानसे राज्यच उभे केले. ते महसूल घेत, न्यायनिवाडा करीत. अलिबागी रुपया या नावाचे नाणेही तेथे चाले. त्यांची गुराबे आणि गलबते उथळ पाण्यात सहज शिरत. परक्यांची अवजड जहाजे त्यांच्या मागोमाग खाडीत येऊ शकत नसत.

या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आंग्र्यांचा परवाना घेतला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. मुंबईच्या इंग्रजांस तो मान्य नव्हता. कान्होजींनी त्यांची जहाजे धरली, तेव्हा ते त्यांस चाचा म्हणू लागले. जहाजे लुटली गेली आणि माणसे कैदेत पडली, हे खरे. ते लपविण्याचे कारण नाही. परंतु पोर्तुगीजही याच समुद्रात परवाने देत होते आणि त्यांस कोणी चाचे म्हणत नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आता पुन्हा लोणावळ्याकडे वळू. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. तेव्हापासून मराठी राज्यात दोन पक्ष पडले होते. कान्होजी ताराराणींच्या पक्षाचे होते. शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस त्यांच्यावर धाडले. कान्होजींनी पेशव्यांसच कैद केले आणि लोहगड व राजमाची घेतली. आता साताऱ्यासही धास्ती पडली. १७१३ च्या नोव्हेंबरात बाळाजी विश्वनाथांस पेशवाई मिळाली व हे अवघड काम त्यांच्याकडे आले.

बाळाजी मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. किनाऱ्यावर सिद्दी, इंग्रज आणि पोर्तुगीज टपून बसले असता आंग्र्यांचे आरमार मोडणे म्हणजे आपलाच हात तोडणे होय, हे त्यांस कळत होते. त्यांनी तलवार म्यानात ठेवून बोलणे लावले. कान्होजींची बाजू त्या घडीस वरचढ होती. ते नकार देऊ शकत होते. तरी ते बोलण्यास बसले. यातच मला त्यांचा मोठेपणा दिसतो. १७१४ च्या आरंभी लोणावळ्यास तह ठरला. कान्होजींनी शाहू महाराजांस धनी मानले, पिंगळ्यांस सोडले आणि राजमाचीखेरीज जिंकलेली ठाणी परत केली. त्यांची सरखेली कायम राहिली व कोकणातील दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली.

या तहाची खरी कसोटी पुढे सात वर्षांनी लागली. मुंबईचे गव्हर्नर बून यांचा १७१८ साली खांदेरीवरील हल्ला फसला होता. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून आले. त्यांच्यापाशी तोफा, मोठी जहाजे व हजारो शिपाई होते. परंतु आता कान्होजी एकटे नव्हते. घाटावरून पेशव्यांचे घोडदळ खाली उतरले. त्याच्या माऱ्यापुढे पोर्तुगीजांची फळी फुटली आणि इंग्रजांसही माघार घ्यावी लागली. बाळाजी तेव्हा हयात नव्हते. त्यांचे पुत्र बाजीराव पेशवे होते.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. १९५१ साली भारतीय नौदलाने मुंबईतील आपल्या तळास आंग्रे हे नाव दिले.