शिवशरण हरळय्या

देवळाच्या पायरीशी आपण पायताण उतरवितो. ते शिवणाऱ्या हातांची आठवण मात्र क्वचितच होते. त्या हातांचा मान वाढविणाऱ्या शिवशरण हरळय्यांचे अल्पचरित्र म्हणूनच येथे देत आहोत.

बाराव्या शतकात कल्याण नगरीत, म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याण येथे, हरळय्या राहत. व्यवसायाने ते चर्मकार. पत्नी कल्याणम्मा त्यांना कामात साथ देई. मंगळवेढ्याहून कल्याणास आलेले महात्मा बसवेश्वर तेव्हा बिज्जल राजाचे प्रधान होते. ते सर्व जातींच्या भक्तांना एका पंक्तीस बसवीत आणि प्रामाणिक श्रमालाच पूजा मानीत.

परंपरा सांगते, की एकदा वाटेत हरळय्यांनी बसवेश्वरांना नमस्कार केला, तो बसवेश्वरांनी उलट दोनदा नमस्कार केला. एवढ्या मोठ्या मानाचे ऋण फेडावे कसे, या विचाराने हरळय्यांना चैन पडेना. अखेर पतिपत्नींनी स्वतःच्या मांडीचे कातडे काढून, ते कमावून पायताणांचा जोड शिवला. बसवेश्वरांनी तो पायांत न घालता मस्तकी धरला व आदराने परत केला.

पुढे मधुवरस या ब्राह्मण शरणाने आपली कन्या हरळय्यांचे पुत्र शीलवंत यांस दिली. विरोधकांनी राजाचे कान भरले. इ. स. ११६७ च्या सुमारास बिज्जलाने दोघा व्याह्यांना हत्तीच्या पायी बांधून फरफटत नेऊन ठार मारविले, असे सांगतात. कल्याणात मोठा क्षोभ उसळला, बिज्जलाचाही वध झाला आणि शरण चहूकडे पांगले.

हातांनी पायताण घडविण्याची कला कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर तसेच बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांत आजही टिकून आहे. बाभळीची साल व हिरडा घालून कातडे कमवावयाचे, रापीने कापावयाचे, आरीने भोके पाडून चामड्याच्या वादीने शिवावयाचे. खिळ्याचे काम नाही. वेण्या बहुधा घरातील स्त्रिया घालतात. २०१९ साली या कोल्हापुरी चपलेस महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळाले.

जीर्णोद्धारास हातभार लावणाऱ्या सर्व ग्रामस्थांस व देणगीदारांस एवढीच विनंती, की कळसाकडे पाहून हात जोडताना पायरीवरील जोड शिवणाऱ्यालाही आपल्याच पंक्तीस बसवावे. हरळय्यांनी प्राण वेचले ते याचसाठी.