गाडीवेडे फ्रिट्झ श्लुम्फ

मित्रांनो, आमचं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या! मागच्या सेमिस्टरला एका आजोबांच्या अंगणात जुनी गाडी दिसली. मी सरळ किंमतच विचारली. आजोबांनी दार लावून घेतलं. तेव्हा फ्रिट्झ श्लुम्फ (१९०६–१९९२) आठवले.

हे फ्रान्समधल्या मुलूझ भागातले लोकर गिरणीमालक. वेड बुगाटी गाड्यांचं. मालकांची नावं-पत्ते मिळवून त्यांनी देशोदेशी पत्रं धाडली, मध्यस्थ पाठवले. अमेरिकेतल्या जॉन शेक्सपियर यांच्याशी बोलणी खूप लांबली, पण यांनी पिच्छा सोडला नाही. अखेर १९६४ मध्ये तब्बल ३० बुगाटी रेल्वेने, मग बोटीने फ्रान्सला आल्या! भाऊ हान्सच्या साथीने ४०० हून जास्त गाड्या जमल्या.

पण गिरण्या बुडाल्या. १९७७ मध्ये चिडलेल्या कामगारांनी तो संग्रह ताब्यात घेतला. दोघे भाऊ स्वित्झर्लंडला गेलेले. १९८२ पासून तिथे सर्वांसाठी म्युझियम आहे.

परक्या मालकांची मनं जपणाऱ्या माणसाला घरच्या कामगारांचं मन कळू नये, हेच मला खटकतं. आजोबांकडे मी परत जाणार आहे. या वेळी किंमत नाही, आधी गाडीची गोष्ट विचारीन.