सुगरणीच्या खोप्यासमोर बसलेला माणूस : डॉ. सलीम अली

पावसाळ्यात आपल्या तळोजा-पनवेल भागात सुगरणीचे खोपे झाडाला लटकलेले दिसतात. या खोप्यांचं गुपित आपल्याच रायगड जिल्ह्यात, किहीमला उलगडलं डॉ. सलीम अली यांनी.

जन्म मुंबईतला, १२ नोव्हेंबर १८९६ चा. आई-वडील लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळलं. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि कायमचे पक्ष्यांचे झाले.

पदवी नव्हती म्हणून सरकारी जागा मिळाली नाही. जर्मनीत शिकून १९३० साली परतले, तर म्युझियममधली नोकरीही गेलेली! मग पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला राहायला गेले आणि तासन्‌तास खोपे न्याहाळत बसले. नाव सुगरण, पण खोपा विणतो नर. मादी तो पारखून घेते. पसंत पडला तर ती संसार थाटते, अन् नर दुसरा खोपा विणायला घेतो. या अभ्यासाने त्यांचं नाव झालं.

१९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २० जून १९८७ रोजी त्यांचा इंतकाल झाला.

मुलाला मार्क कमी पडले की आपण हताश होतो. तेव्हा सलीम अलींची ही गोष्ट घरात जरूर सांगा.