जॉन कॉक : साध्या सूचनांचा यंत्रकार

थोर पुरुषांची चरित्रे आपल्या वार्षिकातून नेहमीच येतात. त्यांत लेखक, समाजसुधारक आणि देशभक्त यांची गर्दी असते. यंदा मी एका यंत्रवाल्याला आणून बसवीत आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने ही उठाठेव का करावी, याचे उत्तर लेखाच्या ओघात येईल.

जॉन कॉक यांचा जन्म ३० मे १९२५ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट या शहरी झाला. वडील नॉर्मन कॉक हे तेथील मोठ्या वीज कंपनीचे अध्यक्ष. पुढे धरण बांधून तयार झालेल्या एका विस्तीर्ण जलाशयाला त्यांचेच नाव दिले गेले. तेव्हा आमच्या नायकाच्या चरित्रात रस्त्यावरच्या दिव्याखाली केलेल्या अभ्यासाचा प्रसंग नाही, हे वाचकांनी गोड मानून घ्यावे. १९४६ साली ड्यूक विद्यापीठाची यंत्र अभियांत्रिकीची पदवी, काही काळ नौदलात, आणि १९५६ साली त्याच विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट. त्याच वर्षी ते आयबीएम कंपनीत दाखल झाले आणि १९९२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

प्रारंभ मात्र यशाचा नव्हता. कंपनी तेव्हा ‘स्ट्रेच’ नावाचा महासंगणक बांधीत होती. आधीच्या यंत्रापेक्षा शंभरपट वेगाची प्रतिज्ञा होती. ती पुरी झाली नाही. १९६१ साली यंत्र बाहेर पडले तेव्हा त्याची किंमत १ कोटी ३५ लाख डॉलरवरून सुमारे ७८ लाखांवर आणावी लागली. त्यानंतर कॅलिफोर्नियात दुसरा मोठा प्रकल्प सुरू झाला. तोही १९६९ साली गुंडाळला गेला. तिसरा डाव १९७४ चा. सेकंदाला तीनशे टेलिफोन जोडून देईल असे यंत्र हवे होते, आणि हिशेब केला तर त्यासाठी सेकंदाला सुमारे १ कोटी २० लाख सूचना पाळणारा संगणक लागत होता. टेलिफोनचा बेत वर्षभरात बारगळला. कॉक यांच्या डोक्यातील विचार मात्र बारगळला नाही.

त्या काळी संगणकाला शेकडो प्रकारच्या सूचना कळत. काही तर फार गुंतागुंतीच्या. कॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष चालणारे कार्यक्रम तपासले, तेव्हा बहुतेक काम मोजक्या साध्या सूचनांवरच होत असल्याचे दिसले. आपल्या स्वयंपाकघरात मांडणीवर पन्नास भांडी असतात. रोज हाती येतात ती कढई, पातेले आणि तवा. मग बाकीच्यांचे ओझे यंत्राने का वाहावे? सूचना थोड्या आणि साध्या ठेवाव्यात, त्या झपाट्याने पाळाव्यात, आणि हुशारी सगळी कम्पायलरकडे सोपवावी. कम्पायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या कार्यक्रमाचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कार्यक्रम. त्याला भाषांतरकार म्हटले तर आपल्या मंडळींना लगेच उमगेल.

या भाषांतरकाराचे एक कोडे सांगण्यासारखे आहे. गणिते चालू असताना आकडे ठेवायला यंत्रात थोडे झटपट कप्पे असतात आणि आकडे असतात पुष्कळ. कोणाला कोणता कप्पा द्यावा? आपल्या महाविद्यालयाचे वेळापत्रक लावणाऱ्या प्राध्यापकांना हा पेच ठाऊक आहे : एकाच वेळी असणारे दोन तास एका खोलीत बसवता येत नाहीत, वेगवेगळ्या वेळचे असतील तर खुशाल बसवावेत. नकाशात शेजारच्या प्रांतांना वेगळे रंग देण्यासारखेच हे आहे, हे कॉक यांनी ओळखले. पुढे ग्रेगरी चायटिन आणि सहकाऱ्यांनी ते प्रत्यक्षात उतरवले. कम्पायलरच्या कामात कॉक यांच्या जोडीला फ्रान्सिस अॅलन होत्या. २००६ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. कॉक यांना तोच पुरस्कार १९८७ साली मिळाला होता.

माणूस मोठा विलक्षण. लिहिण्याचा त्यांना कंटाळा. हातात सिगारेट घेऊन इमारतीभर फिरावे, याच्या खोलीत, त्याच्या दारात उभे राहून बोलावे, कल्पना टाकून पुढे जावे. लिहायचे आणि बांधायचे काम इतरांनी करावे. नव्या यंत्रालाही कोणी झोकदार नाव शोधले नाही. यॉर्कटाउन हाइट्स येथील ज्या इमारतीत काम चाले तिचा क्रमांक ८०१, म्हणून यंत्रही ८०१. कंपनीने ते बरीच वर्षे दाबून ठेवल्यासारखेच ठेवले आणि दरम्यान बर्कले व स्टॅनफर्ड येथील विद्यापीठे याच वाटेने निघाली. हे मला व्यक्तिशः कंपनीचे करंटेपण वाटते. १९९० साली आयबीएमने या विचारावरची ‘पॉवर’ यंत्रे बाजारात आणली, १९९१ साली अॅपल आणि मोटोरोला यांच्याशी हातमिळवणी केली, आणि त्यातून निघालेली पॉवरपीसी चिप मार्च १९९४ पासून मॅकिंटॉश संगणकात बसू लागली.

येथे आमचे भाईंदर येते. पश्चिमेला माझ्या मामांचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, गणेशोत्सवाच्या अहवालपुस्तिका, पावतीपुस्तके. कोपऱ्यात २००१ साली घेतलेला पॉवर मॅक जी-४ आहे. अॅपलने २००५ साली पॉवरपीसी सोडून इंटेलकडे जाण्याचे जाहीर केले. २००७ सालची लेपर्ड ही या चिपवर चालणारी त्यांची शेवटची प्रणाली. मामा तो मॅक भंगारवाल्याला किलोच्या भावाने देणार होते. पण आपल्या वार्षिकाचे जुने अंक त्याच यंत्रावर जुळवलेले आहेत! त्या काळच्या मराठी फाँटात अक्षरे रोमन लिपीच्या जागांवर बसवलेली असत. नव्या यंत्रावर धारिका उघडली तर कविता दिसत नाही, रोमन अक्षरांची नुसती खिचडी दिसते. मी मामांना थांबवले. जुनी डिस्क तशीच ठेवली आणि दुसऱ्या डिस्कवर नेटबीएसडी ही आजही पॉवरपीसीसाठी निघणारी, फुकट मिळणारी प्रणाली चढवली. जुन्या बाजूने मजकूर बाहेर काढायचा, यंत्र पुन्हा सुरू करून नव्या बाजूने तो युनिकोडमध्ये बदलायचा, असा क्रम आहे. व्हिडिओ पाहायला हे यंत्र निरुपयोगी, आजची जड संकेतस्थळे त्याच्या घशात अडकतात. मजकुराच्या कामाला ते पुरून उरते.

हे शक्य होते ते भाषांतरकारामुळेच. कार्यक्रमाची मूळ संहिता खुली असली की ती पुन्हा एकदा कम्पायलरमधून काढायची; यंत्र वीस वर्षांचे असो, त्याच्या भाषेतला नवा कार्यक्रम तयार होतो. कॉक यांनी रचलेल्या साध्या सूचना, आणि त्यांनीच मशागत केलेली भाषांतराची विद्या, दोन्ही येथे एकत्र कामाला येतात. कोणीतरी ते काम अंगावर घ्यायला मात्र हवे. फायरफॉक्सची जुन्या मॅकसाठी जपलेली टेनफोरफॉक्स ही आवृत्ती २०१० पासून चालली आणि २०२१ साली थांबली. डेबियन या प्रणालीने २०१७ साली बत्तीस-बिटी पॉवरपीसीला आपल्या अधिकृत यादीतून वगळले. हौशी मंडळी ती आवृत्ती यादीबाहेर चालवतात. ज्या आवृत्तीपासून हे वगळणे झाले तिचे नाव योगायोगाने ‘स्ट्रेच’ होते.

कॉक यांना १९९१ साली तंत्रविज्ञानाचे आणि १९९४ साली विज्ञानाचे राष्ट्रीय पदक मिळाले. १६ जुलै २००२ रोजी न्यूयॉर्क राज्यात त्यांचे निधन झाले. पुण्याच्या सी-डॅकने बांधलेला ‘परम पद्म’ त्यांच्याच कुळातल्या २४८ पॉवर-४ प्रोसेसरांवर चालत असे. २०१२ साली मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीच्या पोटातही किरणोत्सर्ग सोसेल अशी केलेली एक पॉवरपीसी आहे, आणि तिच्यासाठीचे नवे कार्यक्रम पृथ्वीवरून पाठवले जातात.