उंदरांचा अभ्यासक : प्राध्यापक हॉल्डेन

आम्हां कामरेजकरांना उंदराची ओळख करून देण्याचे कारण नाही. तापीकाठच्या उसाच्या शेतांत तो बिळे करतो, घरातल्या धान्यात शिरतो. १९९४ साली सुरतेत प्लेगाची साथ आली तेव्हा त्याच्या नुसत्या नावाने लोकांच्या छातीत धडकी भरत असे. गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदराला आपण हात जोडतो आणि घरात शिरलेल्या उंदरासाठी पिंजरा लावतो. अशा या क्षुद्र प्राण्याकडे एका थोर शास्त्रज्ञाने जिज्ञासेने पाहिले. त्या प्राध्यापक जे. बी. एस. हॉल्डेन यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. त्यांचे वडील श्वसनक्रियेचे नामांकित संशोधक होते. खाणींतील विषारी वायूंची परीक्षा करण्यास जाताना ते मुलालाही बरोबर नेत. धाकटी बहीण नेओमी हिने घरी गिनीपिग पाळले होते. आईबापांचे रंग पिलांत कसे उतरतात, हे बहीणभाऊ लक्षपूर्वक पाहू लागले. पुढे ए. डी. स्प्रंट या मित्राच्या साह्याने त्यांनी उंदरांवर प्रयोग आरंभले.

इतक्यात १९१४ साली महायुद्ध पेटले. स्प्रंट फ्रान्समध्ये धारातीर्थी पडले. हॉल्डेनही सैन्यात होते; आपल्याही आयुष्याचा भरवसा नव्हता. म्हणून १९१५ साली ते काम अपुरेच प्रसिद्ध करण्यात आले. त्यावर दिवंगत मित्राचे व बहिणीचे नाव होते. उंदरांच्या रंगाशी संबंधित असलेली दोन जनुके बहुधा जोडीनेच पुढल्या पिढीत जातात, हे त्यात दाखविले होते. सस्तन प्राण्यांत अशी जोडी प्रथमच आढळली. पुढे मेसोपोटेमियात जखमी होऊन ते विश्रांतीसाठी हिंदुस्थानात आले आणि त्यांना या देशाची ओढ लागली.

विशेष हे की, विज्ञानाची एकही पदवी नसताना ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे पीटर गोरर हे तरुण डॉक्टर त्यांच्याकडे आनुवंशशास्त्र शिकण्यास आले. एका उंदराच्या शरीरात रुजविलेली गाठ दुसऱ्याचे शरीर का झिडकारते, याचा गोरर यांनी उंदरांच्या शुद्ध वाणांवर शोध घेतला. आपले कोण आणि परके कोण, हे शरीराला ओळखू देणारा जनुकांचा गट त्यातून उजेडात आला. प्रत्येक कुळात या गटाचे रूप निराळे असते. इतके वैविध्य कशासाठी? १९४९ साली हॉल्डेन यांनी असा विचार मांडला की, रोगजंतू बहुसंख्यांच्या शरीराला सरावतात. जो निराळा असतो तो वाचतो. म्हणून रोगराईच सजीवांतील विविधता टिकवून धरते.

या विचाराला पुढे अनपेक्षित पुष्टी मिळाली. १९७६ साली अमेरिकेतील संशोधकांना असे दिसले की, नर उंदीर जोडीदार निवडताना बहुधा आपल्याहून निराळ्या गटाच्या मादीकडे वळतो, आणि हा भेद तो वासावरून ओळखतो. अशा जोडीच्या पिलांना दोन्हीकडचे वैविध्य मिळते. याउलट, १९९२ साली आढळले की, एकत्र घरटे करून पिले वाढविताना माद्या मात्र आपल्यासारख्याच गटाच्या सोबतिणी पसंत करतात. जोडीदार परका हवा आणि संसाराला सोबत आपल्यांची हवी! सर्व प्रयोगांत हा कल सारखाच दिसत नाही, हेही सांगितले पाहिजे.

आपल्यांसाठी प्राणी झीज का सोसतो, याचाही विचार हॉल्डेन यांनी केला होता. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी जनुके समान असतात, चुलत-मामेभावंडांत आठवा हिस्सा. पुरात बुडणारे मूल नात्यातले असेल, तर त्याला वाचविणाऱ्याची जनुके त्या मुलाच्या रूपाने उरू शकतात, हे त्यांनी १९५५ साली एका लेखात गणिताने सुचविले. तापीचे पूर पाहिलेल्या आम्हांला हे उदाहरण सहज कळावे. विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ साली त्यावर पूर्ण सिद्धान्त उभारला.

१९५७ साली हॉल्डेन कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, भारतीय वेष व शाकाहार स्वीकारला. महागड्या उपकरणांवाचून, केवळ डोळे, वही आणि चिकाटी यांच्या बळावर येथे उत्तम संशोधन होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांचे विद्यार्थी सुरेश जयकर यांनी टिटवीच्या घरट्याचा तसाच अभ्यास केला. १९६२ साली हॉल्डेन भुवनेश्वरला गेले. तेथेच १ डिसेंबर १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकिनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

विद्यार्थिमित्रहो, रणांगणावर पडलेल्या मित्राचे काम हॉल्डेन यांनी वाया जाऊ दिले नाही. त्यांचे कामही पुढच्यांनी वाया जाऊ दिले नाही. आपल्या अंगणातील खार ही उंदराचीच नातलग आहे. उद्या ती दिसली, तर दगड उचलण्याऐवजी आपण वही उचलू या. ती कोणाबरोबर खाते, कोणाला हुसकावते, हे टिपून ठेवले तरी या थोर पुरुषाचे स्मरण केल्यासारखे होईल.